उसवायचा राहिलेला टाका

५ मार्च
हॉस्पिटल, दुसरा मजला

ताई,

आपल्या पोटात एक नळी आहे हे एखादा माणूस पाच वर्षं विसरू शकतो का? सकाळपासून मी हा प्रश्न स्वतःला विचारतेय. घरातली पहिली पदवी माझी, म्हणून डॉक्टरांशी बोलायला सगळे मलाच पुढे ढकलतात. आज डॉक्टरांनी पडद्यावर अण्णांच्या पोटातली ती नळी दाखवली आणि मी काय विचारलं माहितीये? "ही कुणाची?" जणू कुणी छत्री विसरून गेलंय.

पत्र बघून तुला नवल वाटेल. तुझा जुना नंबर लागत नाही. तुमच्या तयार कपड्यांच्या दुकानाचा पत्ता मला शेजारच्या काकूंच्या पिशवीवर मिळाला. त्यांनी तुमच्याकडून नातवाला स्वेटर आणला होता आणि पिशवी उलटी करून आमच्याकडे आल्या होत्या, अण्णांना दिसू नये म्हणून. मी त्यांच्या घरी जाऊन ती सुलटी केली आणि पत्ता उतरवून घेतला.

काय झालं ते नीट सांगते. परवा सकाळी अण्णा दुकानात मशीनवर बसले होते. शाळेच्या गणवेशांचं काम चालू होतं. अचानक थंडी भरली. पाय पायडलवर असा थडथडत होता की आईला वाटलं मशीन चालू आहे. मग ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. हे आम्हाला नवं नाही. तू गेल्यापासून दर दोन-चार महिन्यांनी हे येतं, त्याला घरात नावसुद्धा पडलंय. "पाहुणा आला वाटतं," असं आई म्हणते आणि मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणते. चार-पाच दिवसांत पाहुणा जातो, अण्णा पुन्हा कात्री हातात घेतात. डॉक्टर दर वेळी सांगायचे, एकदा सोनोग्राफी करून घ्या. अण्णा दर वेळी म्हणायचे, गणवेशांचा सीझन उरकू दे. तुला ठाऊकच आहे, अण्णांचा सीझन बारा महिने असतो.

या वेळी पाहुणा गेला नाही. डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी. दुपारपर्यंत भान सुटलं, काहीबाही बोलायला लागले. इथे आणलं तेव्हा रक्तदाब इतका खाली गेला होता की त्या मुलाने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, मशीनच खराब आहे म्हणून दुसरं मागवलं. मशीन चांगलं होतं.

यकृतात तयार झालेलं पित्त एका नळीतून आतड्यात उतरतं. अण्णांची ती वाट तुंबली होती. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले आणि ते रक्तात उतरले. काल बरगड्यांमधून सुई घालून यकृतात एक बारीक नळी सोडली आणि पित्त बाहेर पिशवीत घेतलं. पहिल्यांदा जे आलं ते पित्त वाटतच नव्हतं. गढूळ होतं, पू होता त्यात. ताई, तो माणूस परवा सकाळी मुलांच्या चड्ड्यांना इलॅस्टिक लावत होता, आत हे सगळं घेऊन.

आज स्कॅन झाला. पित्ताच्या मुख्य वाटेत एक प्लास्टिकची नळी आहे. काल घातलेली वेगळी, ही आतली, जुनी. पूर्वी कुणीतरी तोंडातून दुर्बीण घालून बसवलेली. डॉक्टर म्हणाले, ही तात्पुरती असते, तीन महिन्यांत काढायची असते. ही कधीच बंद झालीये, तिच्याभोवती खडा धरलाय, आणि वर यकृताच्या डाव्या फांदीतही खडे साठलेत. दर वेळचा ताप तो हाच. गोळ्यांनी जंतू दबत होते, त्यांचं घर जागच्या जागी होतं.

मग त्यांनी विचारलं, कधी घातली, तेव्हा बरोबर कोण होतं?

बरोबर तू होतीस. त्या पहिल्या काविळीच्या वेळी मी कॉलेजात होते, आई दुकान सांभाळत होती. आठ दिवस तू इथे जमिनीवर झोपलीस. डॉक्टर जे काही बोलले ते तुझ्याशी बोलले. आणि मग दोन महिन्यांनी तू लग्न करून गेलीस.

तुला आठवतंय, ते शाळेचे हेडसर निवृत्त झाले तेव्हा अण्णांनी कोट शिवला होता? समारंभात सर स्टेजवर, गळ्यात हार, भाषण चाललेलं, आणि अण्णांना तिसऱ्या रांगेतून कॉलरमागे पांढरा दोरा दिसला. कच्चा टाका. उसवायचा राहून गेलेला. भाषण संपायची वाट न बघता अण्णा स्टेजवर चढले, सरांची मान पुढे वाकवली आणि दोरा ओढून खिशात टाकला. सगळा हॉल हसला. अण्णा घरी येऊन जेवले नाहीत. कपडा धरून ठेवायला घातलेला दोरा, पक्की शिलाई झाली की त्याचं काम संपलं, तो गिऱ्हाइकाच्या अंगावर जाता कामा नये. हे त्यांचं सगळं धर्मशास्त्र. त्या माणसाच्या स्वतःच्या पोटात कच्चा टाका पाच वर्षं राहतो, हे कसं होतं?

म्हणून तुला विचारते. तुला ही नळी माहीत होती का? माहीत असून तू आम्हाला सांगितलं नाहीस का? तुमचं आणि अण्णांचं जे झालं ते झालं, पण एक ओळ लिहायला काय हरकत होती? मी रागात लिहितेय हे मला कळतंय. उद्यापर्यंत थांबले तर कदाचित पाठवणारच नाही, म्हणून आत्ताच पेटीत टाकते.

टाचणी


१३ मार्च
घरून

ताई,

तुझं पत्र काकूंनी पदराखाली लपवून आणलं, जसं काही मलाच कुणाचं प्रेमपत्र आलंय. पत्र एवढंसं. ते मी जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिले. वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा मला ओलांडून गेल्या.

तू लिहिलंयस, तुला माहीत होतं. तीन महिने होत आले तेव्हा तू घरी फोन केला होतास. आईने उचलला. तू म्हणालीस, अण्णांची नळी काढायचे दिवस आले. चार दिवसांनी पुन्हा केलास तेव्हा आई म्हणाली, "झालं ते. काढली." आणि फोन ठेवला. खाली फक्त एवढंच, की आता कसे आहेत.

माझ्या पहिल्या पत्राबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आता कसे आहेत ते आधी. ताप नाही. पिशवीतलं पित्त रोज स्वच्छ दिसतंय. डोळ्यांचा पिवळेपणा उतरतोय. कालपासून बसतात. बसल्याबसल्या त्यांनी हॉस्पिटलच्या सदऱ्याची बगल तपासली आणि सिस्टरला म्हणाले, हा शिवणारा झोपेत होता की हे मेलेल्या माणसाच्या मापाने शिवतात? ती हसून लोटपोट. म्हणजे बरे होतायत.

तुझं पत्र वाचल्यावर मी आईला गाठलं. ती व्हरांड्यात चादरीची घडी घालत होती. मी दुसरं टोक धरलं, कारण समोरासमोर विचारलं की आई कामाला लागते, आणि चादर धरल्यावर तिला कुठे जाता येत नाही. मी विचारलं, ताईचा फोन आला होता? ती म्हणाली, कुठला फोन? मी म्हटलं, आई, मला सगळं कळलंय. तेव्हा ती चादर तशीच धरून बोलली.

तुझा पहिला फोन आल्यावर तिने अण्णांना सांगितलं. तू सांगितलंस असं नाही सांगितलं. "मला आठवलं," असं म्हणाली. अण्णा हो म्हणाले. ठरल्या दिवशी सकाळी काही खाल्लं-प्यायलं नाही, कारण दुर्बिणीला रिकामं पोट लागतं. पांढरा इस्त्रीचा सदरा घातला. आई बरोबर येते म्हणाली तर म्हणाले, दुकान कोण उघडणार. दुपारी परत आले, सदरा काढून खुंटीला लावला, म्हणाले, "काढली. वाढ." आणि पोटभर जेवले.

"मी कशाला विचारू?" आई मला म्हणाली. "उपाशी गेला, भुकेला आला. माणूस यापेक्षा काय पुरावा देणार?"

म्हणजे आईने तुला खोटं सांगितलं नाही. तिला जे सांगितलं गेलं तेच तिने सांगितलं. फोन मात्र आपला आपण ठेवला, कारण अण्णा दारातून आत येत होते. हे ती स्वतःहून म्हणाली. मग चादरीचं माझ्या हातातलं टोक ओढून घेतलं आणि चादर पुन्हा उलगडून पहिल्यापासून घडी घालायला लागली.

मला अजून विश्वास बसत नाही. मी स्कॅन डोळ्यांनी पाहिलाय. नळी आहे. मग त्या दिवशी काय काढलं? डॉक्टर म्हणतात, काहीच नाही. हॉस्पिटलचे जुने कागद आता सापडले, त्यांप्रमाणे या पेशंटची नळी कुणी काढलेली नाही, तो परत आलाच नाही.

अण्णा खोटं बोलले, ताई. जे अण्णा गिऱ्हाइकाला सांगतात की कापड तुमचंच हलकं आहे, माझ्या शिलाईला दोष देऊ नका, आणि गिऱ्हाईक तुटलं तरी शब्द फिरवत नाहीत, ते. मी त्यांच्या पलंगाशी बसले होते आणि त्यांच्याकडे बघत होते, जसं अनोळखी माणसाकडे बघावं. त्यांनी विचारलं, काय बघतेस? मी म्हटलं, काही नाही. मला विचारता आलं नाही. वर्गात मुलांना मी रोज सांगते, प्रश्न विचारायला घाबरायचं नाही.

तुझी माफी मागते. नीट मागायची आहे, पण या पत्रात जागा नाही असं समज.

टाचणी


१८ मार्च
हॉस्पिटल, जिन्याखालचं बाकडं

ताई,

विचारलं.

मी ठरवून विचारलं असं नाही. त्यांनी वेळच तशी आणली. सकाळी डॉक्टर आले होते. त्यांनी पुढचं सांगितलं. तीस तारखेला पुन्हा तोंडातून दुर्बीण घालायची, आतल्या आत खडे फोडायचे, ती जुनी नळी सोडवून काढायची. एका बैठकीत होईल याची खात्री नाही, दोन-तीन वेळा यावं लागेल. त्यानंतर यकृताचा डावा भाग बघायचा. तिथल्या वाटा आकसल्यात, खडे पुन्हापुन्हा होत राहणार, तेव्हा तेवढा तुकडा कापून काढावा लागेल असा त्यांचा अंदाज. उरलेलं यकृत चांगलं आहे, माणूस त्यावर आरामात जगतो. हे केलं नाही तर ताप येत राहील, आणि असाच एखादा ताप उतरणार नाही. हे सगळं त्यांनी अण्णांच्या तोंडावर सांगितलं, कारण मी तशी विनंती केली होती. आईला ते आवडलं नाही. पण पोट अण्णांचं आहे.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "आता ताप नाहीये ना. घरी सोडायला सांग. गणवेश पडलेत."

मी म्हटलं, आणि तीस तारीख? ते म्हणाले, बघू. येऊ की.

तो 'येऊ की' ऐकला आणि मला तो पांढरा सदरा दिसला. मी आईला चहा आणायला पाठवलं. पलंगावर, त्यांच्या पायांपाशी बसले आणि म्हटलं, अण्णा, त्या दिवशी तुम्ही उपाशी कुठे गेला होतात?

त्यांनी पित्ताच्या पिशवीवर चादर ओढली. मग म्हणाले, "इथेच आलो होतो."

त्यांनी जसं सांगितलं तसं लिहिते. ते खाली दुर्बिणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. नंबर आला. दारातल्या सिस्टरने त्यांना ओळखलं. म्हणाली, "अरे शिंपीकाका, आज एकटेच? तुमची ती मुलगी कुठाय? माझ्या पर्सचा बंद शिवून दिला होता तिने."

तू गेल्याला तेव्हा महिनाच झाला होता. त्यांनी तुला दारात जे सांगितलं होतं ते मला पाठ आहे, मी स्वयंपाकघरात होते. "मला एकच मुलगी आहे आणि ती कॉलेजात जाते." त्यानंतर घरात तुझा उल्लेख फक्त एका प्रकारे व्हायचा, तोही भावोजींच्या धंद्यावरून. माणसाचं माप न घेता कपडे विकणारे लोक, मुलगीही तशीच उचलून नेली. हे ऐकून गिऱ्हाइकं हसायची आणि अण्णाही हसायचे.

"त्या बाईला काय सांगणार?" अण्णा मला म्हणाले. "नाही म्हणू? तिने तुला डोळ्यांनी पाहिलेलं... तिला पाहिलेलं. मेली म्हणू? जिवंत पोरीला? आणि आहे म्हटलं तर मग कुठाय ते सांगावं लागतं. यातलं काहीच तोंडातून निघेना. चपला घातल्या आणि आलो."

मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी का नाही गेलात? एखाद्या वेगळ्या डॉक्टरकडे?

तर म्हणाले, "घरी काढली म्हणून सांगून बसलो होतो. काढलेली नळी पुन्हा काढायला कसा जाणार?"

ताई, मी हसले. मला कळलं नाही मी का हसले. पाच वर्षं. दर वेळी थंडी भरली की त्या माणसाला कळत होतं काय आहे ते. आम्ही पाहुणा-पाहुणा म्हणून चेष्टा करायचो आणि तेही म्हणायचे, आला वाटतं. सोनोग्राफीला ते गणवेशामुळे जात नव्हते असं नाही. सोनोग्राफीत नळी दिसली असती. नळी दिसली की कोण होतं बरोबर, असा प्रश्न आला असता. एका प्रश्नाला उत्तर द्यायला नको म्हणून माणूस मरायला तयार होता. मी विज्ञान शिकवते. मुलांना यकृताची आकृती काढायला लावते, पित्ताशय हिरव्या रंगाने रंगवायला लावते. या गोष्टीसाठी माझ्याकडे रंगच नाही.

अजून एक आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं, अण्णा तापात काहीबाही बोलत होते. काय ते तेव्हा लिहिलं नाही, कारण मला तुझा राग आला होता आणि तुला ते द्यायचं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलत होते. "मोठे, काज मोठं झालं. बटण निसटेल." मग, "इस्त्री तापलीये, हात सांभाळ." इथे आणताना गाडीतसुद्धा. आई म्हणाली, माझ्याशी बोलतायत. आईने आयुष्यात काज केलेलं नाही.

हे सगळं झाल्यावर आई चहा घेऊन आली. अण्णांनी चहा घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." तेवढंच. मी जिन्याखाली येऊन बसलेय. खिडकीतून हॉस्पिटलचा धोबी दिसतोय, दोरीवर ते वाईट बगलांचे सदरे टाकतोय, ओळीने.

टाचणी


२३ मार्च
घरून

ताई,

या पत्राचं उत्तर पाठवू नकोस. का ते शेवटी कळेल.

डॉक्टरांनी अण्णांना घरी सोडलं, पिशवीसकट. सोडताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तीस तारखेला यांना कोण आणणार? मी म्हटलं, आम्ही आणू. ते म्हणाले, "आम्ही म्हणजे कुणीच नाही. मागच्या वेळीही 'आम्ही'च होते. एका माणसाचं नाव सांगा." दुर्बिणीच्या खोलीबाहेर एकाच नातेवाइकाला बसू देतात. त्याच्या नावाचा पास काढावा लागतो. आतून बाहेर आल्यावर पेशंट गुंगीत असतो, म्हणून पुढचं सगळं, पुढची तारीख, काय खायचं, ताप आला तर काय करायचं, हे त्या एकालाच सांगतात. मी माझं नाव दिलं. पास घेतला. शाळेत रजेचा अर्ज टाकला. झालं, असं वाटलं.

घरी आल्यावर अण्णा दुकानात जाऊन बसले. पिशवी कमरेशी, सदऱ्याखाली लपवलेली. गिऱ्हाइकं बरं आहे का विचारतात, ते हो म्हणतात. काल मी त्यांना काज करताना बघितलं. त्यांनी ते केलं, बघितलं, उसवलं, पुन्हा केलं. मी म्हटलं, तीस तारखेला आठ वाजता निघायचं. ते म्हणाले, बघू.

तेव्हा मला कळलं, ताई, की पास माझ्या नावाचा असून उपयोग नाही. मी त्यांना ओढून नेईन. ते पांढरा सदरा घालतील. आम्ही त्या बाकावर बसू. ती सिस्टर अजून तिथेच असते, मी जाऊन पाहिलं. केस थोडे पिकलेत. मी म्हटलं, मी शिंपीकाकांची मुलगी. तर ती म्हणाली, "तू नव्हेस, ती दुसरी. माझ्या पर्सचा बंद शिवला होता." आणि पर्स दाखवली. बंद अजून तुटलेला नाही. म्हणजे तीस तारखेला ती तोच प्रश्न विचारणार. मी शेजारी बसले असले तरी विचारणार. आणि अण्णा चपला शोधणार. या वेळी उठले नाहीत तरी दुसऱ्या बैठकीला उठतील, तिसऱ्या बैठकीला उठतील. आणि अजून तो डावा भाग आहे. मी किती वेळा त्यांचा हात धरून बसू? त्यांची नळी त्या खोलीत अडकलेली नाही. दारात अडकलीये.

म्हणून आज दुपारी दुकानात कुणी नसताना मी अण्णांच्या समोरच्या स्टुलावर बसले. तुझ्या स्टुलावर. त्याच्यावर आता कापडाचे तागे ठेवतात, ते मी खाली ठेवले. अण्णा तेवढ्यानेच सावध झाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. मी तुला लिहितेय. तू त्या वेळी फोन केला होतास, आईला आपोआप आठवलं नव्हतं. तापात ते कुणाशी बोलत होते तेही. अण्णा मशीनवरचं चाक हाताने पुढेमागे करत होते. सुई रिकामी वरखाली होत होती, कापड नव्हतंच खाली.

मग मी म्हटलं, तीस तारखेला मी आत येणार नाही. आई आणि मी फाटकाबाहेर असू. तुमच्याबरोबर मोठी बसेल.

मला वाटलं, आता कात्री आपटतील, किंवा भावोजींवर एखादा टोमणा येईल. माझी त्याचीही तयारी होती. पण त्यांनी विचारलं, "आणि नाही आली तर?"

पाच वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न, ताई. मी लगेच उत्तर दिलं नाही, मला तो थोडा वेळ तिथे राहू द्यायचा होता.

मी म्हटलं, नाही आली तर सिस्टर विचारेल, मुलगी कुठाय. तुम्ही सांगायचं, आहे, आज आली नाही. एवढंच. आणि आत जायचं.

अण्णांनी चाक थांबवलं.

"आहे म्हणायचं?"

"आहे म्हणायचं."

ते उठले. खुंटीवरचा तो पांढरा सदरा काढला, उलटा केला, कॉलरच्या आतून बोट फिरवलं, मग बगलेतून, मग शिवणीशिवणीतून, जसं गिऱ्हाइकाला देण्याआधी बघतात. मग सदरा सुलटा करून इस्त्री लावली. इस्त्री तापेपर्यंत आम्ही दोघंही तिथेच बसलो होतो. म्हणाले, "आठला नको. साडेसातला निघू. गर्दी होते."

मी तिथून उठले आणि सरळ हॉस्पिटलात गेले. तू येशील की नाही हे मला माहीत नाही. तू यावंस असं सांगायचा मला अधिकार आहे की नाही हेही नाही. दारात तुला जे ऐकावं लागलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, समोर उभं राहून नाही. तू आली नाहीस तरी अण्णा आत जातील, आता मला तसं वाटतं. म्हणून मी हे करू शकले. ते जाणारच नसते तर मी त्यांच्या जिवाशी असला खेळ केला नसता, एवढं माझ्याबद्दल समज.

खिडकीवरच्या माणसाला मी म्हटलं, नाव बदलायचंय. तो वैतागला, एकदा काढलेला पास बदलत नाही म्हणाला. मी म्हटलं, बदलू नका, रद्द करा आणि नवा काढा. नातं विचारलं. मी सांगितलं, मोठी मुलगी. त्याने माझा पास घेतला आणि मधोमध फाडून टोपलीत टाकला. नवा या पाकिटात आहे.

टाचणी